पगार सुरू झाला, आता फोनचं बिल कोणाचं?

नमस्कार काकू,
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मुलगा २३ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी पदवी झाली, आठ महिन्यांपासून नोकरी करतोय आणि आमच्याकडेच राहतो. जेवणखाण, फोन, गाडीचा इन्शुरन्स, सगळं आम्हीच भरतो. ह्यांचं म्हणणं, त्यानं भाडं द्यावं, नाहीतर वेगळं राहावं. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोटच्या पोराकडून भाडं घेणार?" मला दोघांचं थोडं थोडं पटतं. धाकटी १९ वर्षांची, कॉलेजात आहे. मुलांचा खर्च आईवडिलांनी नेमका कोणत्या वयापर्यंत करायचा?

—

ताई, तुमच्या पत्रात तुमचं, यजमानांचं आणि सासूबाईंचं मत आहे. मुलाचं नाही. म्हणून आधी त्याच्या बाजूनं बोलते. तो आळशी किंवा उधळ्या आहे असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. तो कामावर जातो, घरी येतो, पुढ्यात आलेलं ताट जेवतो. त्याच्याकडे आजवर कोणी काही मागितलेलंच नाही. या घराला महिन्याला किती पैसे लागतात, मॉर्गेज किती राहिलंय, प्रॉपर्टी टॅक्स किती जातो (आणि न्यू जर्सीत तो किती जातो हे आपल्याला ठाऊक आहे), हे त्याला कधी कोणी सांगितलंय का? बहुतेक नसेल. आपल्या घरांमध्ये मुलांना पैशाची झळ लागू द्यायची नाही, असं आपण अगदी प्रेमानं ठरवून टाकतो. मग एके दिवशी त्यांच्यावर चिडतो, की यांना काही कळतच नाही.

मी हेच केलं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत माझ्या यजमानांची नोकरी गेली. मुलगा तेव्हा २५ वर्षांचा, दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीवर होता. तरीही त्याच्या गाडीचा इन्शुरन्स, फोन आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आमच्याच खात्यातून जायचा. आम्ही त्याला काही कळू दिलं नाही. फोन आला की हे "ऑफिसात आहे" म्हणायचे आणि बसलेले असायचे गावातल्या लायब्ररीत. तीन महिन्यांनी हप्ता भरणं अशक्य झालं तेव्हा मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तीन वर्षं कमावतोय आई. मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी भरायला लागलो असतो." पैसे भरावे लागले याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. बाबा लायब्ररीतून खोटं बोलत होते, हे त्याला सहन झालं नाही.

तेव्हापासून मला कोणी वय विचारलं की मी वय सांगत नाही. आधी घरातले आकडे मुलांसमोर ठेवा, मग एकेक बिल त्यांच्याकडे द्या, आणि कोणतं बिल कधी द्यायचं त्याची तारीख आधी सांगा.

काही तारखा इथल्या कायद्यानं आधीच ठरवून दिल्या आहेत, त्या मात्र पाठ हव्यात. १८ पूर्ण झाली की मूल कायद्यानं सज्ञान. फी तुम्ही भरत असलात तरी कॉलेज त्याचे मार्क त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला सांगायला बांधील नाही, आणि डॉक्टरही त्याची माहिती त्याला न विचारता देत नाहीत. धाकटी १९ ची आहे ना? तिच्याकडून हेल्थ केअर प्रॉक्सीच्या, म्हणजे आजारपणात तिच्या वतीनं निर्णय घ्यायचा अधिकार तुम्हाला देणाऱ्या कागदावर सही घेऊन ठेवा. होस्टेलवर रात्री काही झालं तर तो कागद लागतो. क्रेडिट कार्डाचा नियमही लक्षात असू द्या: २१ वर्षांखालच्यांना स्वतःचं उत्पन्न दाखवता आलं नाही, तर कार्डासाठी सहीला कोणीतरी मोठं माणूस लागतं.

फॅफ्साच्या, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायच्या फॉर्ममध्ये, मूल विवाहित नसेल, पदव्युत्तर शिक्षण घेत नसेल किंवा असंच दुसरं ठरावीक कारण नसेल, तर २४ वर्षांपर्यंत ते आईवडिलांवर अवलंबून असल्याचं धरतात. तुम्ही एक डॉलरही देत नसाल आणि ते वेगळं राहत असेल, तरी तुमचं उत्पन्न मोजतातच. आणि २०१० च्या कायद्यामुळे आरोग्य विमा तुमच्या पॉलिसीवर २६ व्या वाढदिवसापर्यंत चालतो, मग मूल घरात राहो, बाहेर राहो, लग्न होवो. तेव्हा तुमच्या मुलाला विम्यावरून काढायची घाई करू नका. दोन-तीन वर्षं हाताशी आहेत. त्याच्या कंपनीचा विमा स्वस्त पडतो का तुमचा, हे त्यालाच कागद समोर घेऊन शोधायला सांगा.

एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असलेल्या मुलांबद्दल इथे थोडं जास्त लिहिते, कारण मंडळाच्या गणपतीत या मुलांच्या आया मला कोपऱ्यात घेऊन विचारतात. एच-४ वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही. शेजारचा सोळा वर्षांचा मुलगा उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून स्वतःचे पैसे साठवतो, आणि तुमचा घरी बसतो, तो कायद्यामुळे. त्याला टोमणा मारू नका. २१ व्या वर्षी एच-४ संपतो. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की अनेक मुलं रांगेतच २१ ची होतात. मग त्यांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, त्यात कॉलेज चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि सरकारी विद्यार्थी कर्जही मिळत नाही. अर्ज सरकारदरबारी पडून राहिलेले दिवस काही वेळा वयातून वजा होतात. मूल १९ चं झालं की वकिलाला हे विचारून घ्या, २० पूर्ण होईपर्यंत थांबू नका. अशा मुलाला २२ व्या वर्षी पायावर उभं राहायला सांगणं अन्याय आहे. पण त्याला घरचे आकडे दाखवायला कोणता कायदा आड येतो? त्याच्यासाठी किती पैसे बाजूला काढलेत हे त्याला कळू द्या.

आता यजमानांविषयी. "मी तुझ्या वयात" हे वाक्य ते बोलत असतील असा माझा अंदाज आहे. आमच्याही घरात ते खूप बोललं गेलं. ते खरंही आहे. चोवीस-पंचविसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसानं घरी पैसेही पाठवलेले असतात. पण आमच्या पिढीतले बहुतेकजण सरकारी कॉलेजात शिकले. फी एका मध्यमवर्गीय पगारात बसायची, राहायला आईवडिलांचं घर नाहीतर मामाचं, आणि पदवीच्या दिवशी डोक्यावर कर्ज नाही. इथल्या मुलाला सरकारी कर्ज जास्तीत जास्त पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे वर्षाला ७,५०० असं मिळतं आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. तेवढ्यात कॉलेजचा खर्च भागत नाही म्हणून आपण पेरेंट प्लस, म्हणजे आईवडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज काढतो. ते कर्ज कायद्यानं आपलंच असतं. सरकारी योजनेत ते मुलाच्या नावावर करता येत नाही. मुलाच्या खासगी कर्जावर सही केली असेल, तर त्यानं हप्ता चुकवला की आपलंही क्रेडिट बिघडतं, आणि उशिरा भरलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षं राहते. तुमच्या घरात असं कर्ज आहे का, हे पत्रात नाही. असेल, तर तुमच्या मुलाला तुमच्या नावावरचा आकडाही माहीत हवा. बऱ्याच मुलांना तो माहीतच नसतो.

मग नेमकं काय करायचं? या रविवारी पोहे झाल्यावर टेबलावर कागद घेऊन बसा, चौघंही. मुलगी कॉलेजात असेल तर तिला व्हिडिओवर घ्या. घरात येतं किती, जातं किती, निवृत्तीसाठी साठलंय किती. शेवटचा आकडा सांगताना यजमानांना जड जाईल, तरी सांगा. त्यानंतर बिलं वाटा. फोन आणि गाडीचा इन्शुरन्स फॅमिली प्लॅनवरच राहू द्या; वेगळं काढलं तर बहुधा महाग पडतं, आणि घरात राहून तो गाडी चालवत असेल तर इन्शुरन्स कंपनीला त्याचं नाव द्यावंच लागतं. पण त्याच्या वाट्याचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला त्यानं तुमच्या खात्यात पाठवावेत. तुम्ही आठवण करून द्यायची नाही. विद्यार्थी कर्ज असेल तर ते पूर्ण त्याचं. किराणा आणि घरखर्चात ठरावीक रक्कम. तुमच्या भागात भाड्याची एक खोली जितक्याला मिळते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. कंपनी ४०१के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, स्वतःचे पैसे घालत असेल तर ते पूर्ण मिळतील इतके तरी त्यानं त्यात भरावेत, आणि उरलेल्यातून रॉथ आयआरए हे निवृत्तीचं स्वतःचं खातं सुरू करावं. त्यात २०२५ साठी ७,००० डॉलरपर्यंत भरता येत होते. तेविसाव्या वर्षी घातलेल्या पैशाला वाढायला चाळीस वर्षं मिळतात. घरी राहण्याचा फायदा त्याला झाला पाहिजे तो इथे, नव्या गाडीच्या हप्त्यात नव्हे.

काही आईवडील भाडं घेतात, गुपचूप साठवतात आणि मूल बाहेर पडताना परत देतात. पुष्कळांना हे गोड वाटतं. मला पटत नाही. ही पुन्हा तीच लपवाछपवी. पैसे परत द्यायचे असतील तर पहिल्याच दिवशी सांगा, की हे तुझ्या घराच्या डाउन पेमेंटसाठी आहेत. आणि तुम्हाला ते पैसे खरोखर लागत असतील, तर तेही सांगा. त्यात कसली लाज?

जी तारीख मुलाला, तीच मुलीला. हे वेगळं लिहावं लागतं, कारण मुलाला "आता तू बघ" म्हणणारी घरं मुलीचा फोन, गाडी, विमा लग्नापर्यंत कौतुकानं भरत राहतात, आणि मग लग्न झाल्यावर स्वतःच्या नावानं क्रेडिट नसलेली तिशीची मुलगी नवऱ्याला विचारून कार्ड वापरते. तुमच्या धाकटीला आत्ताच तुमच्या एका क्रेडिट कार्डावर ऑथराइज्ड युजर करा, म्हणजे तुमच्याच खात्यावर तिच्या नावाचं कार्ड घ्या, तिनं वापरलेले पैसे तिच्याकडून घ्या, आणि पदवीनंतर किती महिन्यांनी कोणतं बिल तिचं होणार ते त्याच रविवारी कागदावर लिहा.

नोकरी गेली, आजारपण आलं, तर घर उघडं आहेच. ते मुलांना ठाऊक असतं, पण एकदा तोंडानं सांगा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. "भाडं" हा शब्द त्यांना लागला, आणि त्यात त्यांचं चुकलं नाही. साताऱ्यात कमावता मुलगा भाडं देत नाही. तो पगार देवापुढे ठेवतो, आईच्या हातात देतो, आणि मग त्यातून बसच्या पाससाठी मागून घेतो. तेव्हा तुम्हीही घरात भाडं म्हणू नका, घरखर्च म्हणा. रविवारी कागदाचं काम झालं की त्यांना व्हिडिओ कॉल लावा, नातवाला शेजारी बसवा, आणि त्यांना विचारा, त्यांच्या मुलानं पहिल्या पगाराचं काय केलं होतं.