कानावर पडलेलं

प्रश्न : माझं वय 47. रात्री ओटा आवरून झाला की वहीत कथा लिहिते. कुठं पाठवत नाही. आमचे हे म्हणतात, "खोट्या माणसांच्या खोट्या गोष्टी लिहून काय भेटते तुला? त्यापेक्षा पाककृती लिही, छापून तरी येतील." मलाही धड उत्तर सुचत नाही. ताई, तुम्ही कशासाठी लिहिता?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ह्यांना आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत न्या. 1881पासून काळी मारबत निघते तिथं, सोबत बडगे, म्हणजे वाईटाचे पुतळे मिरवतात. ते बांबू-कागदाचे आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी महागाईवरचा, पुढाऱ्यांवरचा खरा राग माणसं त्यांच्यावरच काढतात. 'खोटं आहे' म्हणून कुणी घरी परतत नाही.

आता माझं. एसटीडी, म्हणजे परगावी थेट नंबर फिरवायची सोय, घरोघरी यायच्या आधी मी इथं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे कॉल जोडून देणारी. कॉल बुक करायचा आणि तासन्तास वाट बघायची, असे ते दिवस. घाई असली तर अर्जंट, दर दुप्पट. फारच घाई असली तर लाइटनिंग, साध्याच्या आठपट. तो एक तर व्यापारी लावायचे, नाही तर घरात मयत झालेले लोक. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये पडून विचारायचं, वाढवायचं का? लाइन नीट चालली आहे ना हे बघायला ती कानावर घ्यावीच लागे. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम. मी तो पाळला, अगदी नवऱ्याच्या बाबतीतही.

पण ऐकलेलं जाणार कुठं? एक बाई रायपूरला पीपी कॉल लावायची, म्हणजे ठरावीक माणसालाच फोनवर बोलवायचं. तिकडून दर वेळी, "वो घर पे नहीं हैं." मागं पुरुषाचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा. मी बाईला "पार्टी हजर नाही" एवढंच सांगायची. खोकल्याचं सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं. पुढं तिचे कॉल यायचे थांबले. काय झालं असेल, हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

तीच माझी पहिली कथा. रायपूरचं अकोला केलं, बाईचा पुरुष केला, फोनऐवजी परत येणारी मनीऑर्डर घातली. खोकला तेवढा ठेवला. लपून बसणाऱ्याला मला चांगला बदमाश करायचा होता. पण लिहिता लिहिता त्याची नोकरी गेलेली निघाली, घरात तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती, आणि माझी पंचाईत झाली. आता शिव्या द्यायच्या कुणाला?

तर मी लिहिते ते एवढ्यासाठी : अर्ध्यात तुटलेले ते कॉल मला पुरे करायचे असतात, आणि तेही कुणाचं गुपित न फोडता. समाजप्रबोधन वगैरे काही नाही. सत्कारात मी वेगळं बोलते, ते सोडा.

तुमचं कारण निराळं असेल. वहीतल्या कथा एकदा सलग वाचून काढा. एकच माणूस नावं बदलून पुन्हा पुन्हा येतोय का बघा. येत असला तर तुमचं उत्तर तिथंच आहे, आणि ते ह्यांना सांगायलाच हवं असं काही नाही. पाठवावंसं वाटलं तर 1923पासूनचा आपला विदर्भ साहित्य संघ आहे, त्याचं 'युगवाणी' हे नियतकालिक आहे. नाही पाठवलं तरी वही कुठं पळत नाही.

गोळाभाताची पाककृती मात्र ह्यांना लिहू द्या. आधी स्वतः करून, मग.