दातदुखीचा प्रयोग: नवख्यासाठी सल्ला
पांढऱ्या उंदराचा पटाशीचा दात घेऊ नकोस. तो आयुष्यभर वाढतो, त्यामुळे त्याची तुलना माणसाच्या दाताशी जमत नाही. दाढ घे. सुरुवात मात्र दाताला हात न लावता कर: वरच्या ओठात 50 मायक्रोलिटर 'दीड टक्का' फॉर्मॅलिन (वेदना उठवणारं द्रावण) टोचून तोंड चोळण्याचे सेकंद मोज. पहिली तीन मिनिटं वेदनेचा एक टप्पा, साधारण बाराव्या मिनिटापासून दुसरा. दाहशामक औषधं मुख्यतः दुसरा दाबतात, मॉर्फिन दोन्ही.

बाटलीतलं फॉर्मॅलिन म्हणजे जवळपास 37 टक्के फॉर्मॅल्डिहाइड. 'दीड टक्का' नक्की कशाचा, फॉर्मॅलिनचा की फॉर्मॅल्डिहाइडचा, हे वहीत लिही. घोळ इथेच होतो. नाशिकच्या डिसेंबरात खोली 22 ते 24 अंशांवर ठेव, गारठ्यात आकडे हलतात. आणि हो, प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी.