डिझाइन शिकू दे, पण आधी मामांना फोन करू दे

डिचोलीहून एका आईने लिहिलंय: मुलगी बारावीत आहे, पेडण्यातल्या मामांच्या होमस्टेची वेबसाइट तिने स्वतः बनवली, आता तिला वेब डिझाइनच शिकायचंय. वडील म्हणतात, त्यापेक्षा कंटेंट रायटिंग कर. काय निवडावं?

ताई, तुम्ही पाठवलेली लिंक मोबाइलवर उघडली. पहिला अख्खा स्क्रीन बाल्कांवाचा, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीचा फोटो. सुरेख आहे, खोटं कशाला बोलू! खाली गेले, तर 'आमच्याविषयी'त 'लोरेम इप्सम' तसंच राहिलेलं. जागा भरायला टाकतात तो मजकूर, मुळात सिसेरोच्या लॅटिन लेखनाची मोडतोड. मामांच्या घराबद्दल सिसेरो काय सांगणार? मोपा विमानतळावरून किती वेळ लागतो, रात्री टॅक्सी मिळते का, पावसाळ्यात घर चालू असतं का, नाश्त्याला पाव-भाजी असते का, यातलं एकही उत्तर नाही. फोन नंबर आहे, पण फोटोवर छापलेला. त्यावर बोट दाबून फोन लागत नाही.

तिला म्हणावं, मामांना फोन कर आणि पाहुणे काय काय विचारतात ते साध्या कागदावर उतरवून घे. नुसता तो कागद वाचून कुणाला खोली घेता येईल का बघ. येत असेल, तर अर्धी मांडणी तिथेच झाली. उरलेली अर्धी डिझाइनची, आणि ती काही कमी नाही. तीच उत्तरं एका लांबलचक परिच्छेदात कोंबली तर मोबाइलवर कोण वाचतंय?

मराठी पान केलंय याचं मला फार कौतुक वाटलं. फक्त इंग्रजी 'बुक'च्या मापाच्या बटणात 'खोली राखून ठेवा' मावलेलं नाही. दोन ओळी झाल्या आणि 'खू'चा उकार खालच्या 'ठे'च्या मात्रेला टेकला. शब्द आधी हातात असते तर बटण त्या मापाचं झालं असतं.

यात मीही पोळलेय. आमच्या पहिल्या साइटवर तीन चौकोन छान दिसतात म्हणून डिझायनरने तीनच ठेवले. सेवा चार होत्या. आम्ही मुकाट्याने पालकांचं समुपदेशन गाळलं, आणि वर्षभर पालक फोन करून विचारत राहिले, 'ते बंद केलंत का?'

तेव्हा दोन्हींत भांडण लावू नका. कल डिझाइनकडे दिसतोय, तर तेच शिकू दे. पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात उपयोजित कला, म्हणजे जाहिरात-छपाईसारख्या कामांचं डिझाइन, शिकता येतं. बी.डेस. या डिझाइनच्या पदवीच्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा जानेवारीत असते, कुठल्याही शाखेतून देता येते. लिहिण्यासाठी वेगळी पदवी नको. प्रत्येक कामाचा मजकूर तिने स्वतः लिहावा, निदान पहिला खर्डा. वडिलांचाही मान राहील.

आणि मामांचा नंबर तेवढा फोटोतून बाहेर काढायला सांगा, सीझन सुरू व्हायच्या आत.