मोटरसायकलचे फक्त डावे इंडिकेटर फार वेगाने लुकलुकतात. चारही बल्ब लागतात, रिले बदलला तरी फरक नाही. वायरिंगमधला दोष कसा शोधायचा?

उजवी बाजू नीट चालत असताना रिले बदलायचा सल्ला तुम्हाला दिला कुणी? रिले म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, ती दोन्ही बाजूंना एकच असते. त्याचं काही बिनसलं असतं तर दोन्हीकडे बिनसलं असतं. हे मी आमच्या दाजींना सांगून सांगून थकलोय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

बल्बवाल्या गाड्यांतले बहुतेक रिले करंटकडे बघून चालतात. १० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण १.७ अँपिअर घेतात. त्यापेक्षा बराच कमी गेला की टिकटिक वाढते. म्हणजे डावीकडे कुठेतरी करंट अडतोय हे तो रिले बिचारा ओरडून सांगतोय, आणि आपण काढून टाकतो त्यालाच.

माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं. दाजींकडे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि महागडा मीटर, दोन्ही आहे. त्यांनी पुढच्या डाव्या इंडिकेटरची वायर दोन्ही टोकांना सोडवून मीटर लावला. मीटर 'पीं' वाजला. "वायर ठणठणीत आहे, रिले गेलाय," निकाल लागला. नवा रिले त्यांनीच आणून बसवला. टिकटिक तशीच. तर म्हणे, नवाही खराब निघाला! बहिणीने चहा आणला म्हणून मी तोंड आवरलं.

अहो, तो 'पीं' वाजायला नखभर करंट पुरतो. वायर आतून तुटून एखादी तार कशीबशी टेकलेली असली तरी मीटर खूश. बल्बला मात्र तेवढ्यावर भागत नाही. वायर तपासायची तर बल्ब पेटता ठेवून, भार असतानाच.

दाजी गेल्यावर मी रिले काढला आणि तो ज्यात खोचतात त्या कपलरमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली. स्विच डावीकडे केला की इंडिकेटर न लुकलुकता सलग पेटून राहतात. हे महत्त्वाचं, कारण लुकलुकत्या दिव्यावर मीटरचे आकडे नुसते नाचतात. आता मोजलं तर मागच्या होल्डरवर पुरते व्होल्ट, पुढच्यावर जेमतेम आठ. हँडल उजवीकडे वळवलं की आणखी खाली, दिवा पिवळट. हेडलाइट उतरवून हँडलच्या मानेपाशी वायर चिमटीत धरून चाचपत गेलो. एके जागी ती लिबलिबीत लागली, ओढली तर नाडीतल्या इलॅस्टिकसारखी ताणली. वरचं आवरण शाबूत, सोलल्यावर आत हिरवी भुकटी आणि दोन-चार काळ्या तारा. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवा तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह चढवली, हँडल वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवली.

मग दाजींना बोलावून त्यांच्यादेखत जुना, 'गेलेला' रिले परत बसवला. छान संथ टिकटिक. तर म्हणतात, "त्याला विश्रांती मिळाली ना मधे."

तुमच्या गाडीत जागा वेगळी असू शकेल. आधी डावीकडचे दोन्ही बल्ब काढून वॉट वाचा, कुणीतरी कमी वॉटचा बसवलेला असतो आणि तोही 'लागतो'च. मग दिवे सलग पेटते ठेवून 'अर्थ', म्हणजे बल्बपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी, बघा: मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर होल्डरच्या पत्र्याला. पाव व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ कुजलाय, गंज नाहीतर रंग खरवडा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळत असेल तर मोजत बसूच नका, मागचा अर्थच आहे. हे सगळं ठीक निघालं तर मानेपाशी या, आणि शेवटी स्विचकडे.

हो, एक राहिलं. रिले तीन पिनांचा असेल तर बी (बॅटरीकडची) आणि एल (दिव्यांकडची) एवढ्याच जोडायच्या. ई म्हणजे अर्थ, तिथे तार लावलीत की फ्यूज गेला. नव्या गाड्यांत कधी कधी वेगळा रिलेच नसतो, लुकलुकणं कंट्रोल युनिट बघतं. तिथे जोडाजोडी अजिबात करू नका. आणि तुम्ही डावीकडे हौसेने एलईडी बसवले असतील तर वरचं सगळं विसरा: ते करंटच कमी घेतात, त्यांना एलईडीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले लागतो. त्या एका बाबतीत दाजींचं बरोबर, पण माझ्या गाडीला तेव्हा साधे बल्ब होते आणि हे त्यांनाही माहीत होतं.

तुमचा काढलेला रिले फेकला नसेल अशी आशा आहे. तो चांगला आहे.