विचारा बिनधास्त : लिलावातले हिऱ्यांचे टियारा

प्रश्न : ताई, रात्री झोप नाही आली की मी जिनिव्हा-लंडनच्या लिलावांचे कॅटलॉग बघत बसते, त्यातले टियारा, म्हणजे डोक्यावर घालायचे ते मुकुटासारखे दागिने, तर झूम करकरून. घ्यायची ऐपत नाही, बघायला काय जातंय! पण अंदाजे किंमत एक लिहितात आणि विकला जातो चार-पाच पटीला, हे मुद्दाम कमी लिहितात का हो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थोडं मुद्दाम असतंच, आकडा आवाक्यातला दिसला की बोली लावणारे जास्त जमतात. शिवाय अंदाज असतो हातोडा पडतो त्या किमतीचा आणि नंतर बातमीत जो आकडा येतो त्यात लिलाव कंपनीचं कमिशन धरलेलं असतं, ते साधारण पाव हिस्सा तरी वर जातं, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून बघणंच मुळात चुकीचं. पण चार-पाच पट होते ती कमिशनमुळे नाही. हिरे मोजता येतात, घडणावळ धरता येते, पण तो डोक्यावर कोणाच्या होता याचा भाव आधी कोण सांगणार?

पोल्टिमोर टियारा घ्या. १८७० च्या दशकात गॅरार्ड या लंडनच्या सराफाने लेडी पोल्टिमोरसाठी घडवला, १९५९ मध्ये लिलावात निघाला तेव्हा राजकन्या मार्गारेटसाठी, म्हणजे राणी एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीसाठी, ५,५०० पौंडांना घेतला गेला, आणि पुढच्याच वर्षी लग्नात तिने तो घातला, उंच अंबाड्याभोवती, ते फोटो बघाच, आणि नवऱ्याने काढलेला तो बाथटबमधला फोटोही, अंगावर दागिना म्हणाल तर डोक्यावर हा टियारा! ती गेल्यावर मुलांनी २००६ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीकडे विकायला दिला. अंदाज दीड ते दोन लाख पौंड, गेला ९,२६,४०० पौंडांना. हिरे तेच होते हो, एकही वाढला नव्हता. मधल्या वर्षांत पौंडाची किंमत घसरली हे धरलं तरी बाकीचा सगळा भाव मार्गारेटचा.

अर्थात खडेच अफाट असले तर गोष्ट वेगळी. २०११ च्या मे महिन्यात जिनिव्हाला सोदबीज या दुसऱ्या लिलाव कंपनीत डॉनर्समार्क या जर्मन सरदार घराण्याचा टियारा सव्वा कोटी डॉलरच्या वर गेला, पण त्यात हिऱ्यांच्या वर अकरा कोलंबियन पाचू होते, थेंबासारखे. तिथे लोक पाचूंवर तुटून पडले असं माझं मत.

प्रश्न : आमचं पिढीजात सराफी दुकान आहे. जुन्या टियाराच्या फोटोत हिरे मंद दिसतात, कोंदणाच्या कडा काळपट, पैलूही एकसारखे नाहीत. आमच्याकडे असा माल आला तर आम्ही तोंड वाकडं करू. मग तिकडे एवढं कौतुक कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दादा, तोंड वाकडं करू नका, भिंग काढा! तो काळपटपणा चांदीचा आहे. सोन्यात बसवला तर पांढरा हिरा पिवळट दिसतो म्हणून पुढून चांदी, आणि चांदीने कातडी-कपडे काळे होऊ नयेत आणि मजबुती राहावी म्हणून मागून सोनं, अशी एकोणिसाव्या शतकातली पद्धत. १९०० च्या आसपास प्लॅटिनम वापरात आलं, ते काळं पडत नाही आणि बारीक तारेतही दम धरतं, म्हणून त्यानंतरचे टियारा लेससारखे नाजूक. नुसत्या धातूवरून काळाचा अंदाज येतो तो असा.

पैलूंचं म्हणाल तर ते हाताने पाडलेले. जुन्या कटचा हिरा वरून उंच, माथ्याचा सपाट भाग छोटा, खालचं टोकही घासून सपाट केलेलं, त्यामुळे वरून बघितलं की मधोमध बारीक गोल दिसतो. शोरूमच्या लाइटखाली तो आजच्या हिऱ्यासारखा चकाकणार नाहीच, तो मेणबत्त्यांच्या उजेडासाठी होता, मान हलली की एकेक जाड ठिणगी उडायची. काहींत तर फुलं बारीक स्प्रिंगवर बसवलेली असायची, मुद्दाम थरथरायला. आणि हे असे पैलू नवीन करून घेतले, वजन घटवून, की दागिना संपला म्हणून समजा.

प्रश्न : एवढे टियारा बनले, मग गेले कुठे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोडले! फॅशन बदलली, वाटण्या झाल्या, वारसा कर आला, आणि हिऱ्यांच्या अंगठ्या पटकन विकल्या जातात. राजघराण्यांतही हेच. हैदराबादच्या निझामाने १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथला लग्नात कार्टिये या फ्रेंच सराफाचा टियारा दिला होता, तो १९७३ मध्ये मोडून त्याचे हिरे वापरून माणकांचा नवा टियारा केला. मला विचाराल तर पहिलाच छान होता, पण मला कोण विचारतंय!

प्रश्न : मी नोकरीसाठी लंडनला आलेय. लिलावाआधी हे दागिने मांडतात म्हणे, तिथे आपल्यासारखीला आत सोडतात का? (एक वाचक, सध्या लंडन)

उत्तर : सोडतात, आणि फुकट! मोठ्या कंपन्यांचं लिलावाआधीचं प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं असतं, तारखा त्यांच्या वेबसाइटवर येतात. बिचकू नका, काचेतला दागिना जवळून बघायचाय असं तिथल्या माणसाला सरळ सांगा. पुढून सगळेच बघतात, तुम्ही उलटा करून दाखवा म्हणा. मागे करड्या शिशाचा डाग, म्हणजे जोड दिलेला दिसला तर दुरुस्ती झालीये. स्क्रू असतील तर तो सुटा करून ब्रोच किंवा नेकलेस होतो, पोल्टिमोरचे अकरा ब्रोच व्हायचे. मूळ चामडी डबी, आत सराफाचं नाव, सोबत असेल तर भाव वाढतो.

आणि लिलाव नसेल त्या आठवड्यात व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जा, तेही फुकट. तिथे मँचेस्टर टियारा आहे, कार्टियेचा, १९०३ चा, हजाराच्या वर ब्रिलियंट कटचे (पुष्कळ पैलूंचे, चकाकणारे) हिरे आणि चारशेवर रोझ कटचे (खालून सपाट, वरून घुमटासारखे). त्याच्या दोन्ही टोकांच्या वेलांट्या नीट बघा, तिथे चक्क काचेचे खडे आहेत.