जर्मन क्लायंटबरोबर गैरसमज कुठे होणार, हे आधी ओळखता येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, पुढच्या महिन्यात जर्मन क्लायंटचं काम अंगावर येतंय, तर खटके कुठे उडणार हे आधी कळायची एखादी टेस्ट आहे का? दोन, इंग्रजीचा क्लास लावू का? दुसऱ्याचं आधी सांगते. लावू नका. निदान या कारणासाठी तर अजिबात नको.

मी लालबागची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अंधेरी एमआयडीसीत व्हॉल्व्हचे सुटे भाग एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग बघायचे. तिथे काहीही बिनसलं की साहेबांचं निदान ठरलेलं: तुझं इंग्लिश कच्चं आहे. साहेब स्वतः कॉन्व्हेंटचे.

जुलैत जर्मन खरेदीवाल्याचा कॉल होता. आमचा दुपारचा दीड, त्यांचे सकाळचे दहा. (उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचारचा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात आणि सोमवारी इकडे कोणीतरी एकटाच मीटिंग उघडून बसलेला असतो. हा घोळ हमखास होतो, कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.) त्याने विचारलं, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माल निघेल ना? साहेब म्हणाले, "शुअर, वी विल मॅनेज."

त्या आठवड्यात गणपती. आमचे निम्मे ऑपरेटर कोकणातले, त्यांना गणपतीची सुट्टी नाकारून दाखवा! प्लेटिंग करून देणारा वसईवाला, त्याचंही शटर डाऊन. मी सरळ म्हटलं, नाही निघणार. साहेबांनी पटकन म्यूट दाबलं. "क्लायंटसमोर असं बोलतात का?" म्यूटचा लाल दिवा लागलेला, साहेबांचा चेहरा त्याहून लाल, आणि स्क्रीनवर तो माणूस वहीचं पान उलटून शांतपणे आमची वाट बघतोय. आवाज सुरू झाल्यावर त्याने मलाच विचारलं, मग कधी? मी अनंत चतुर्दशीनंतरची तारीख दिली. ती लिहून घेऊन तो पुढच्या मुद्द्यावर गेला. माल त्याच तारखेला निघाला.

म्हणजे जर्मन माणसाचा काहीच गैरसमज झाला नाही. झाला तो आमच्याच खोलीत, दोन मराठी माणसांत. साहेबांच्या मते मी पायरी सोडली. मग एचआरला मेल गेला आणि मला 'बिझनेस इंग्लिश'च्या ट्रेनिंगला बसवलं. तिथल्या एका स्लाइडवर हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाचे आकडे होते. वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरून चालतात त्याचे: भारत 77, जर्मनी 35. आकडा मोठा तितकं अंतर जास्त, म्हणजे साहेबासमोर सरळ 'नाही' म्हणणं तिकडे आपल्याइतकं खटकत नाही. मला सुधारायला पाठवलं आणि पुरावा निघाला माझ्या बाजूचा. स्लाइडचा फोटो काढून ठेवलाय, अजून आहे.

तेव्हा टेस्ट वगैरे नाही, पण एवढं बघा: खरी माहिती कोणाकडे आहे आणि 'नाही' म्हणायची मुभा कोणाला आहे? ही दोन वेगळी माणसं असतील तर खटका तिथेच उडणार आणि ताण माहितीवाल्याच्या डोक्यावर येणार. दुसरं, दोघांच्या सुट्ट्या. त्यांचे कारखाने उन्हाळ्यात काही आठवडे बंद असतात, नाताळ ते नवीन वर्ष तर विचारूच नका. ते आधी सांगतात. आपण गणपतीचं सांगत नाही, आयत्या वेळी 'मॅनेज' करतो.

आणि आधी थोडं टेन्शन येतंय म्हणून घाबरू नका. विल्यम गुडिकन्स्ट या अमेरिकन अभ्यासकाची मांडणीच अशी आहे की काळजी फार वाढली तरी संवाद बिघडतो, आणि फार कमी झाली तरी माणूस गाफील राहतो. आमचे साहेब दुसऱ्या प्रकारातले.

आता थोडं सावधपणे. हॉफस्टेडचे मूळ आकडे 1970 च्या आसपासचे, तेही आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचे. अख्ख्या भारताला एकच आकडा म्हणजे दादर आणि दिमापूर एकाच मापात. तुमचा जर्मन कदाचित आमच्या साहेबांसारखाच निघेल. शिवाय नुसतं 'नाही' चालत नाही, सोबत तारीख द्यावी लागते. आणि जपानी क्लायंट असेल तर माझी पद्धत वापरू नका. तिथे बरंचसं मीटिंगच्या आधी एकेकट्याशी बोलून ठरतं, भर मीटिंगमध्ये 'नाही' म्हटलं तर समोरच्याची पंचाईत होते.

कॉल संपला की काय ठरलं त्याचा चार ओळींचा मेल तुम्ही स्वतः टाका, तारखांसकट, दोन्हीकडच्यांना सीसी करून. तुमच्या साहेबांना आधी दाखवू नका, ते 'जरा सॉफ्ट कर' म्हणतील आणि तारीखच उडेल. प्रोबेशनवर असाल तर मात्र दाखवा.