कंपनीकडे आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) आहे, मग तिचं लाकूड एफएससी प्रमाणित, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं, समजायचं का?

नाही. दोन्ही प्रमाणपत्रं वेगळ्या गोष्टींची आहेत. विक्रेते दोन्ही लोगो शेजारी शेजारी छापतात, तिथेच घोळ होतो.

आयएसओ १४००१ कंपनीच्या कारभाराबद्दल बोलतं: भुसा, सांडपाणी, रसायनं, वीज यांचं व्यवस्थापन कसं होतं, उद्दिष्टं ठरवली का, त्यांचा आढावा घेतला का. लाकूड कुठल्या जंगलातून आलं, याची हमी त्यात नाही. सॉ मिल चकचकीत आणि ओंडके संशयास्पद, असंही होऊ शकतं.

जंगलाचा प्रश्न एफएससी (स्थापना १९९३) आणि तशीच दुसरी जंगल-प्रमाणन संस्था पीईएफसी (स्थापना १९९९) बघतात. पण जंगल प्रमाणित असणं पुरेसं नाही. ओंडका सॉ मिल, व्यापारी, फर्निचरवाला अशा हातांतून जातो आणि माल ज्याच्या मालकीचा होतो त्या प्रत्येकाकडे ‘चेन ऑफ कस्टडी’ (माल कुणाकडून कुणाकडे गेला, त्या साखळीचं) प्रमाणपत्र लागतं. मधला एक जरी विनाप्रमाणपत्र निघाला, की त्याच्यापुढे तो माल प्रमाणित म्हणून विकता येत नाही.

म्हणून भिंतीवरची फ्रेम नको, बिल बघा. त्यावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि त्या मालासमोर ‘एफएससी १००%’ (सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं) किंवा ‘एफएससी मिक्स’ (त्यात इतर मान्य स्रोतांचंही मिसळलेलं) असा दावा हवा. क्रमांक एफएससीच्या सार्वजनिक शोधयादीत टाकून प्रमाणपत्र चालू आहे की निलंबित, आणि तुमचा माल त्याच्या कक्षेत येतो का, ते तपासा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात: प्रमाणपत्र प्लायवुडचं असतं आणि विकले जातात दरवाजे!